वीस किलो रुई

यादीतलं सातवं नाव मी माईकवरून दोनदा पुकारलं. पाहुण्यांच्या हातात घडी मोडलेली शाल, फोटोवाला गुडघ्यावर टेकलेला आणि सत्कारमूर्तीचा पत्ता नाही. पहिल्या रांगेतल्या एका पोरानं मागं बोट दाखवलं. मैदानाच्या पार टोकाला, कबड्डीच्या ग्राउंडपलीकडं, नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाचा तो विमोचक (आगीतून माणसं सोडवणारा जवान) दाताळं घेऊन आमच्याच प्रात्यक्षिकाचा ढीग उपसत होता. ढिगातून धूर निघत होता. दीड तासापूर्वी हाच ढीग शाळेच्या सगळ्या पोरांसमोर विझवून झाला होता, टाळ्याही झाल्या होत्या.

परभणी जिल्ह्यातलं आमचं हे तालुक्याचं गाव कापसाचं. क्लबात चाळीसेक सभासद: डॉक्टर, अडते, वकील, खतांचे दुकानदार. सचिव मी, पोटापाण्याला एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मॅनेजर. रक्तदान, मोतीबिंदूची शिबिरं दरवर्षी होतातच. यंदा ठरलं की रात्री-अपरात्री गावासाठी धावणाऱ्यांचा सत्कार करायचा.

पहिली अडचण तारखेची. अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिलला. त्या दिवशी आपल्याकडं भीमजयंती, म्हणजे बंब आणि पोलीस दोघंही मिरवणुकीच्या रस्त्यावर. होमगार्डचा स्थापना दिन ६ डिसेंबर, म्हणजे महापरिनिर्वाण दिन, परत बंदोबस्त. २१ ऑक्टोबरचा पोलीस स्मृतिदिन १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला मारल्या गेलेल्या जवानांच्या शोकाचा. त्या दिवशी हारतुरे बरे दिसत नाहीत. शेवटी २ जानेवारीचा महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन धरला आणि त्याच आठवड्यातला बाजार नसलेला दिवस घेतला. वेळ सकाळी साडेनऊची. आठला पाळी बदलते, त्यामुळं रात्रपाळीचा माणूस झोपायला जाण्याआधी येऊ शकतो आणि दिवसपाळीचा गाडीसकट येऊन उभा राहू शकतो. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम ठेवला की निम्मे सत्कारमूर्ती ड्युटीवर असतात आणि घरचं कुणीतरी येऊन शाल घेऊन जातं.

दुसरी अडचण नावांची. कार्यालयाकडं यादी मागितली की हजेरीपटावरची येते. हजेरीपटावर चार जण होते आणि बंबावर प्रत्यक्षात सात. उरलेले तिघं एजन्सीमार्फत कंत्राटी, आणि धुरात आधी शिरणारे बहुतेक तेच, कारण वयानं लहान. म्हणून आठच्या ठोक्याला स्टेशनवर जाऊन एक वही फिरवली. ज्यानं त्यानं आपल्या हातानं आपलं नाव लिहायचं आणि प्रमाणपत्रावर तसंच उतरवायचं. हजेरीपटावरून उतरवलेल्या नावात वडिलांचं नाव तरी चुकतं नाहीतर आडनावाची वेलांटी तरी, आणि तो कागद मग कुणी भिंतीवर लावत नाही. १०८ रुग्णवाहिकेच्या लोकांचं वेगळंच. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो आणि चालकाला पायलट म्हणतात. त्या गाडीला ठरलेली जागा सोडून कार्यक्रमाला येता येत नाही. त्यांचा सत्कार आदल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात, गाडीशेजारी उभं राहून पाच मिनिटांत उरकला. ११२ च्या गाडीवरचे पोलीस आले, पण वायरलेस चालू ठेवून दारापाशीच बसले. त्यांना स्टेजच्या खुर्च्यांचा आग्रह करण्यात अर्थ नव्हता.

समितीत वाद झाला तो महावितरणच्या वायरमनवरून. 'तो कुठं सार्वजनिक सुरक्षेत येतो?' असं एका सभासदाचं म्हणणं. ट्रॉलीत कापूस शीग लावून रचतात, लोंबकळत्या तारेला घासतो आणि ट्रॉली पेटते. हे आमच्या भागात नवं नाही. बंब पोचतो, पण पाण्याची धार वीज वाहून आणते, त्यामुळं ब्रँच (पाण्याच्या पाइपाचं तोंड) धरलेला माणूस लाईन बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत धार सोडत नाही. बघ्यांना वाटतं, आले आणि नुसते उभे राहिले. शिव्या बंबाला बसतात आणि सगळं अडलेलं असतं लाईन बंद करायला डीपीकडं (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीकडं) मोटारसायकल पिटाळलेल्या त्या एका माणसावर. दोन वायरमन यादीत आले.

भेटवस्तूचं मात्र लवकर मिटलं. सरकारी माणसाला भेट देताना १९७९ चे वर्तणूक नियम आडवे येतात, सत्कार घ्यायलाही वरिष्ठांची मंजुरी लागते. त्यामुळं मुख्याधिकारी, पोलीस निरीक्षक, होमगार्ड आणि महावितरण यांना तीन आठवडे आधी वेगवेगळी पत्रं दिली. माणसाला शाल आणि प्रमाणपत्र, वस्तू विभागाला. ती चलनानं द्यायची आणि डेडस्टॉक रजिस्टरला (कार्यालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद झाल्याचा पान नंबर मागून घ्यायचा. नोंद नसलेली वस्तू पहिल्या बदलीत गायब होते. काचेच्या ढाली रद्द केल्या. एका ढालीच्या पैशात चामडी हातमोज्यांची जोडी येते. फायर स्टेशनची मागणी कागदावर आली: हातमोजे आठ जोड, लांब दांड्याची दाताळी चार, हमालाचे आकडे दोन, दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीची पट्टी तोडायचा कटर एक. आग विझवणाऱ्यांनी दाताळी का मागावीत, हे समितीत कुणाला उमगेना. त्यातून प्रात्यक्षिक ठरलं आणि त्यासाठी आमच्या जिनिंगवरून वीस किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आणली.

वीस किलो सुटी रुई म्हणजे कमरेइतका ढीग. पत्र्यांवर रचून दोघांनी ती मध्ये तुडवली, कारण नुसती भुसभुशीत रुई गंजीसारखी वागत नाही. पोरं वाऱ्याच्या वरच्या बाजूला, फक्कीच्या रेषेमागं. काडी लावली तशी ज्वाळा ढिगावरून नुसती धावली. वरची लव भुरकन जळाली आणि ढीग पांढऱ्याचा काळा झाला. सहा किलोच्या एबीसी पावडरच्या सिलिंडरची पिन काढून एकानं पंधराएक सेकंद फवारा मारला. ज्वाळा गेली. टाळ्या पडल्या त्या इथं.

लीडिंग फायरमननं हात वर करून पोरांना थांबवलं. पाच मिनिटं काहीच घडलं नाही, पोरं कंटाळली. मग ढिगाच्या शेंड्याजवळून दोऱ्याएवढा धूर निघाला आणि जळक्या वातीचा वास आला. त्यानं बादलीभर पाणी ओतलं. पाण्याचे मणी झाले आणि केळीच्या पानावरून घरंगळावेत तसे खाली गेले. रुईच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, ती पाणी पीत नाही. दवाखान्यातला कापूस पितो, कारण उकळून, धुऊन त्याचं मेण काढलेलं असतं. मग त्यानं दाताळं घालून ढीग फाडला. आत मनगटाएवढं काळं बीळ गेलेलं, त्याच्या कडेनं लाल रेघ. तंतूंमध्ये अडकलेली हवा त्या रेघेला पुरते. ज्वाळा लागत नाही. बंद गोदामात हेच होतं तेव्हा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि 'आग विझली की' म्हणून आत गेलेला माणूस बसल्या जागी कलंडतो.

शाळेच्या मैदानावर हे वीस किलोचं. जिनिंगमध्ये क्विंटलभर कापसातून तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. आणि प्रेसमधून निघणारी एक गाठ साधारण १७० किलोची. कापसातून खडा, खिळा, विळ्याचा तुकडा आला की डबल रोलर जिनवर ठिणगी पडते. पंखा ती डक्टमधून रुईच्या हॉलमध्ये नेऊन टाकतो आणि तिथल्या माणसाला कळेपर्यंत ढिगाच्या पोटात गेलेली असते. बंबाच्या टाकीत ४५०० लिटर पाणी. एका ब्रँचनं मिनिटाला साडेचारशे लिटर सोडलं तर दहा मिनिटांत टाकी रिकामी, आणि त्यातलं बरंचसं गाठीवरून ओघळून गटारीला. म्हणून फवारा बारीक ठेवायचा, पाण्यात फोमचं द्रावण घालायचं (त्यानं पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि ते तंतूंत शिरतं), आणि गाठ आकड्यानं ओढून उघड्यावर, दुसऱ्या गाठींपासून लांब नेल्यावरच पट्टी तोडायची. आतच तोडली तर दाबलेली रुई फुलते, हवा घेते आणि तोंडावर भडकते. पट्टीही साटकन उसळते; हातमोजे त्यासाठी.

लीडिंग फायरमननं बादलीत टोपणभर फोम घालून परत पाणी मारलं, रुई वीतभर जाडीची पसरायला लावली आणि सांगितलं, "हे असंच ऱ्हाऊ द्या. गोळा करू नका."

ही सूचना क्लबच्या सगळ्या कार्यकर्त्यांपर्यंत पोचवायला हवी होती, ती पोचली नाही. सव्वादहाला पाहुणे येणार म्हणून मैदान नीट दिसावं, या चांगल्या हेतूनं आमच्या दोघांनी पसरलेली रुई खराट्यानं लोटून कोपऱ्यात ढीग केला. वरची ओली, खालची कोरडी, मध्ये कुठंतरी एक जिवंत रेघ.

आणि त्याच वेळी मी माईकवर फोर्ट स्टिकिन या बोटीची हकिगत सांगत होतो. १४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक. बोटीत सुमारे १४०० टन स्फोटकं आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी, त्याही एकाच कोठारात. दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर दिसला. नऊशे टनांहून जास्त पाणी ओतलं तरी आग सापडली नाही, कारण ती गाठींच्या पोटात होती. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा दिन कापसाच्या आगीतून आलाय, हे कापूस पिकवणाऱ्या गावालाच ठाऊक नसतं, असं मी जोरात म्हणालो. माझी पाठ ढिगाकडं होती.

सात नंबरचा विमोचक तेवढा ढिगाकडं तोंड करून बसला होता. त्यानं शेजाऱ्याकडं टोपी दिली आणि रांगेतून उठून गेला. दाताळं होतंच, आम्हीच स्टेजजवळ फित बांधून मांडून ठेवलेलं. फित त्यानं दातानं तोडली.

दुसऱ्यांदा नाव पुकारल्यावर तो तिथूनच ओरडला, "तुमचं चालू द्या, सायेब. आतून धुमसायलंय ह्ये." अध्यक्षांना वाटलं त्याला बोलावून आणावं, दोन मिनिटांचा तर प्रश्न. लीडिंग फायरमन खुर्चीवरूनच "नको" म्हणाला आणि आठ नंबरच्या माणसालाही स्टेजवर न पाठवता फोमची बादली घेऊन तिकडं पाठवलं. मी नवव्या नावावर गेलो. कार्यक्रमपत्रिकेत एवढा मोठा खड्डा पडला, की पाहुण्यांनी तो भरायला मोबाईलच्या दुष्परिणामांवर भाषण केलं.

अकरा चाळीसला दोघं आले, कोपरापर्यंत काळे. शाल अंगावर घ्यायला तयार होईनात. डाग पडेल म्हणून नव्हे, बाहीला ठिणगी चिकटली असली तर शालीत लपेल म्हणून. आधी बाह्या बादलीत बुडवून घेतल्या, मग प्रमाणपत्र हाताच्या तळव्यांत न धरता दोन बोटांच्या चिमटीत धरून फोटो काढला. तोच फोटो क्लबच्या अहवालात लावलाय.

जळकी रुई रात्री उघड्यावर ठेवायची नाही म्हणून संध्याकाळी दोनशे लिटरच्या टिपाडात भरली, वर पाणी सोडलं. ती तरंगायला लागली, तेव्हा पत्र्याचं झाकण घालून त्यावर दोन फाडी दगड ठेवले. सकाळी सातला झाकण काढून बघितलं. वरची चिकट, काळी झालेली. मधला तुडवलेला बोळा बाहेर काढून फाडला, तर आतली मूठभर रुई कोरडी होती.