साठी ओलांडलेलं मंडळ

इंदूरच्या एका साख संस्थेचं, म्हणजे पतसंस्थेचं, सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. मार्च अखेरीला तिथल्या अकाउंटंट काकांचा फोन आला, "बेटा, जरा येऊन जा. आपलं गणेश मंडळ सीनियर सिटिझन झालंय."

जाऊन बघते तर खरंच. मंडळाच्या मुदत ठेवीवर ज्येष्ठांचा अर्धा टक्का जादा लागत होता. व्यक्तीच्या टेबलात मंडळाचं रेकॉर्ड, आणि जन्मतारखेच्या कॉलममध्ये 1954 सालची नोंदणीची तारीख!

हे होऊ नये म्हणून तर मी एवढी रचना केली होती. वर 'खातेदार' टेबल, त्यात क्रमांक आणि प्रकार: 'व्य' किंवा 'सं'. खाली व्यक्ती आणि संस्था अशी दोन टेबलं, दोन्हीत क्रमांकासोबत प्रकारही, फॉरेन की या जोडीवर, म्हणजे तीच जोडी वरच्या टेबलात असल्याशिवाय खाली नोंद होत नाही. शिवाय व्यक्तीच्या टेबलात चेक, म्हणजे डेटाबेसने तपासायची अट, की प्रकार 'व्य'च हवा.

जुना डेटा भरणाऱ्या स्क्रिप्टने प्रकार वरून जसाच्या तसा उचलला होता. व्यक्तीच्या टेबलात 'सं'! फॉरेन कीला वर जोडी सापडली, तिची काही तक्रार नाही. अडवायचं होतं चेकने. टेबलाची रचना दाखवणारी 'शो क्रिएट टेबल' ही आज्ञा चालवली, तर चेक तिथे नव्हताच. आमचा डेटाबेस होता मायएसक्यूएल 5.7. ते चेक वाचतं आणि सोडून देतं, एररही देत नाही. पाळायला लागलं ते 2019 मध्ये, 8.0.16 पासून. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय. मी वाचलं नव्हतं.

बाकीची घुसखोरी काकांनीच शोधली, पॅनच्या चौथ्या अक्षरावरून. पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे फर्म, टी म्हणजे ट्रस्ट. सराफ्यातल्या एका दुकानावर मात्र आम्ही अडलो. नाव दुकानाचं, अक्षर पी, रेकॉर्ड दोन्हीकडे.

"काका, दुकान म्हणजे संस्थाच ना?"

"अगं, एकट्याचं दुकान आहे. कायद्याला दुकान दिसत नाही, मालक दिसतो."

म्हणजे माझी विभागणीच कच्ची होती. दुकानाचं नाव व्यक्तीच्या टेबलात एक जादा कॉलम झालं, संस्थेकडचं रेकॉर्ड उडवलं. जाता जाता प्रकाराला नॉट नल लावलं, म्हणजे तो रिकामा ठेवता येणार नाही, कारण नल, म्हणजे रिकामा, असला की चेकही सोडतो आणि फॉरेन कीही.

सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेऊन चेक पुन्हा घातला, तर चेक मोडल्याचा, 3819 नंबरचा एरर. मंडळाचं रेकॉर्ड हलवायचं राहिलंच होतं. इतका आवडलेला एरर दुसरा नाही.

"आणि जादा गेलेलं व्याज?" मी विचारलं.

काकांनी चष्मा पुसला. मंडळाचे खजिनदार तेच होते.