पेजवर दिसणारा व्हिडिओ हार्ड डिस्कवर उतरवायचा तर

फेसबुकवरचं लाइव्ह आता फक्त ३० दिवस टिकतं. १९ फेब्रुवारी २०२५ पासून हा नियम आहे. त्यानंतर झालेलं प्रत्येक थेट प्रक्षेपण महिन्याभरात आपोआप काढून टाकलं जातं. आपल्या बेळगाव भागाला हा नियम फार जवळून लागतो. कडोली, येळ्ळूर, उचगावकडची साहित्य संमेलनं, वाचनालयांच्या व्याख्यानमाला, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गावोगावचे पारायण सोहळे, अशा कार्यक्रमांचं चित्रण बहुधा कुणाच्या तरी मोबाइलवरून थेट फेसबुकवर जातं आणि बातम्यांचं पोर्टल तेच आपल्या बातमीत बसवतं. बातमी राहते, पण व्हिडिओच्या जागी पुढे नुसती रिकामी चौकट दिसते. पोर्टलवाल्यांना फोन करूनही उपयोग नसतो, कारण फाइल त्यांच्याकडे कधी नव्हतीच. त्यांनी फक्त दुसरीकडच्या व्हिडिओला आपल्या पानात खिडकी काढून दिलेली असते.

म्हणून डाउनलोडरच्या शोधात निघण्याआधी व्हिडिओ मुळात कुठून येतोय ते पाहायचं. अर्धं काम तिथेच होतं.

व्हिडिओवर राइट क्लिक करा. ‘सेव्ह व्हिडिओ अ‍ॅज’ दिसलं आणि त्यातून एमपी४ फाइल उतरली, तर काम संपलं. यूट्यूबचा काळ्या रंगाचा मेनू उघडला तर त्यातून व्हिडिओची लिंक कॉपी करून घ्या. फेसबुकचा असेल तर त्यावरच्या नावावर किंवा तारखेवर क्लिक केलं की मूळ पोस्ट उघडते, तिची लिंक घ्या. यातलं काहीच जमत नसेल तर एफ१२ दाबून पेजचा आतला कोड उघडायचा आणि शोधचौकटीत ‘आयफ्रेम’ (दुसरीकडचं पान दाखवणारी ती खिडकी) हा शब्द रोमन अक्षरांत टाकायचा. त्यापुढे ‘एसआरसी’ म्हणून जो पत्ता असतो, तोच व्हिडिओचा खरा पत्ता. काही पोर्टलवर क्लिक करेपर्यंत आयफ्रेम लोडच होत नाही, म्हणून आधी व्हिडिओ चालू करा आणि मगच शोधा.

फेसबुकच्या बाबतीत हा पत्ता विचित्र दिसतो. सुरुवातीला फेसबुकच्या प्लगिनचा पत्ता, पुढे ‘एचरेफ’, मग बरोबरचं चिन्ह आणि नंतर टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली ओळ. खरी लिंक त्या ओळीतच असते. टक्का-३ए म्हणजे कोलन आणि टक्का-२एफ म्हणजे तिरकी रेघ; एवढे दोन बदल नोटपॅडमध्ये ‘रिप्लेस’ने केले आणि पुढच्या ‘अँड’च्या चिन्हापासूनचा भाग काढून टाकला की बहुधा मूळ पोस्टची स्वच्छ लिंक हातात येते.

पत्ता ‘ब्लॉब’ने सुरू होत असेल तर तो कॉपी करण्यात वेळ घालवू नका. तो ब्राउझरने आपल्या मेमरीत तयार केलेला तात्पुरता पत्ता असतो; त्या टॅबबाहेर त्याला अर्थ नाही. अशा वेळी एफ१२मधल्या ‘नेटवर्क’ टॅबवर जा, गाळणीच्या चौकटीत एम३यू८ टाका, पेज रिफ्रेश करा आणि व्हिडिओ चालवा. एम३यू८ ही व्हिडिओची फाइल नसून तुकड्यांची यादी असते. एकेक तुकडा काही सेकंदांचा, आणि दोन तासांच्या भाषणाचे असे हजारभर तुकडे सहज होतात. यादीऐवजी एखादा तुकडाच उतरवून ‘व्हिडिओ सहा सेकंदांतच संपतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शिवाय यादीही बहुधा दोन पातळ्यांची असते. सर्वांत आधी येते ती मुख्य यादी, तीत वेगवेगळ्या दर्जांच्या याद्यांचे पत्ते असतात. लिंक त्या पहिल्या यादीचीच घ्यायची.

उतरवण्याआधी एक विचारणा जरूर करा. ज्यांच्या खात्यावर तो व्हिडिओ आहे त्यांना मूळ फाइल मागा. यूट्यूबवर ज्यांचं चॅनेल आहे त्यांना गूगल टेकआउटमधून आपले व्हिडिओ एकदम मिळतात, आणि फेसबुक पेज चालवणाऱ्यांना ३० दिवसांच्या आत स्वतःचं लाइव्ह डाउनलोड करता येतं. मंडळाच्या पेजचा पासवर्ड ज्या कार्यकर्त्याकडे असतो, त्याला हे माहीतच नसतं. त्याला कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलेलं बरं. मागून घेतलेल्या फाइलला परवानगीचाही प्रश्न उरत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ मधलं कलम ५२ खासगी वापर आणि संशोधन यांना मर्यादित सूट देतं. पण दुसऱ्याचं भाषण उतरवून स्वतःच्या चॅनेलवर चढवणं त्यात बसत नाही, आणि डाउनलोड करायचं की नाही याचे प्लॅटफॉर्मचे स्वतःचे नियम वेगळे असतात. ओटीटीवरचे कुलूपबंद चित्रपट-मालिका इथे विषयच नाहीत. ते कुलूप फोडणं कलम ६५ए खाली गुन्हा आहे.

मूळ फाइल मिळण्यासारखी नसेल, तर वायटी-डीएलपी हा मोफत प्रोग्राम घ्या. डाउनलोड करून देणाऱ्या ज्या वेबसाइट शोधात सर्वांत वर येतात, त्यांच्यापासून लांब राहा. त्यांच्यावर खोटी ‘डाउनलोड’ बटणं असतात, नोटिफिकेशनची परवानगी मागितली जाते आणि व्हिडिओऐवजी भलताच इन्स्टॉलर पदरात पडतो. वायटी-डीएलपी गिटहब या प्रोग्रामांच्या साइटवरच्या मूळ प्रकल्पातूनच उतरवा. विंडोजच्या संगणकात डी ड्राइव्हवर ‘व्हिडिओ’ नावाचा फोल्डर करा आणि त्यात तीन फाइली ठेवा: वायटी-डीएलपी, एफएफएमपेग आणि डेनो. दुसरी फाइल चित्र आणि आवाज जोडते. तिसरी यूट्यूबसाठी लागते, कारण यूट्यूबच्या पानातलं जावास्क्रिप्ट प्रत्यक्ष चालवल्याशिवाय आता सगळे दर्जे मिळत नाहीत.

फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर मारलं की त्याच जागी काळी खिडकी उघडते. आज्ञा रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. इथे त्या उच्चाराने दिल्या आहेत. आधी प्रोग्रामचं नाव, जागा, हायफन, कॅपिटल एफ, जागा आणि दुहेरी अवतरणात लिंक. दुहेरी अवतरण विसरू नका. लिंकमध्ये ‘अँड’चं चिन्ह असलं तर विंडोज तिथेच आज्ञा तोडतं आणि उरलेला भाग वेगळी आज्ञा समजतं. ‘पेजवर चालतं, इथे का चालत नाही’ याचं उत्तर पुष्कळदा या दोन चिन्हांत असतं.

या आज्ञेने काही उतरत नाही, फक्त उपलब्ध दर्जांचा तक्ता येतो. त्यात ‘व्हिडिओ ओन्ली’ आणि ‘ऑडिओ ओन्ली’ अशा वेगळ्या ओळी दिसतील. यूट्यूब चांगल्या दर्जाचं चित्र आणि आवाज वेगवेगळे ठेवतं. १३६ म्हणजे ७२० पीचं चित्र, १३७ म्हणजे १०८० पीचं, १४० म्हणजे आवाज. आता कॅपिटलऐवजी स्मॉल एफ आणि त्यापुढे १३६+१४० लिहिलं की दोन्ही उतरून एक फाइल होते. फोल्डरमध्ये दोन सुट्या फाइली पडल्या, एक मुकी आणि एक नुसत्या आवाजाची, तर एफएफएमपेग सापडलेलं नाही असं समजा.

तक्त्यात चित्र साठवण्याचा प्रकारही दिलेला असतो. एव्हीसी१ लिहिलेली ओळ निवडा, व्हीपी९ किंवा एव्ही१ नको. नवीन प्रकार कमी जागा घेतात हे खरं, पण वाचनालयातल्या किंवा घरातल्या जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की ते चालत नाहीत. आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. आवाजाचंही तसंच. ओपस टाळून एम४ए घ्या.

किती दर्जा घ्यायचा? एका वक्त्याचं भाषण असेल तर ४८० पी पुरे, कारण माणूस एका जागी उभा असतो आणि ऐकायचं असतं ते बोलणं. चित्ररथ मिरवणुकीला मात्र १०८० पीच हवं. रात्रीचे दिवे, गर्दी, लेझीम, सगळं हलतं असतं, आणि कमी दर्जात त्याचे नुसते चौकोन दिसतात. भजन-कीर्तन फक्त ऐकायला ठेवायचं असेल तर हायफन-एक्सने केवळ आवाज उतरवा.

जागेचा हिशोब तोंडी होतो. व्हिडिओ सेकंदाला किती डेटा घेतो ते एमबीपीएसमध्ये (मेगाबिटमध्ये) मोजतात. जेवढे एमबीपीएस तेवढे गुणिले ४५०, म्हणजे तासाचे एमबी. दीड एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला ६७५ एमबी खातो, दोन तासांचं व्याख्यान १३५० एमबी. रोज दीड जीबीच्या रिचार्जवर दिवसाचा डेटा एका व्याख्यानात जवळजवळ संपतो. नुसता १२८ केबीपीएसचा आवाज तासाला ५८ एमबीच्या आसपास.

रेंज गेली किंवा लाइट गेली तर घाबरू नका. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात हे व्हायचंच. अर्धवट फाइल ‘पार्ट’ या शेपटासह तशीच राहते. तीच आज्ञा, त्याच फोल्डरमधून, त्याच दर्जासह पुन्हा दिली की उरलेलं तिथून पुढे उतरतं. अर्धवट फाइलचं नाव बदललंत तर मात्र पहिल्यापासून.

४०३ अशी चूक आली, म्हणजे सर्व्हरने फाइल द्यायला नकार दिला, तर तीन कारणं तपासा. प्रोग्राम जुना झाला असेल: हायफन, कॅपिटल यू दिल्यावर तो स्वतःला अद्ययावत करतो, आणि हे कारण सर्वांत जास्त वेळा निघतं. नेटवर्क टॅबमधून काढलेली लिंक शिळी झाली असेल: अशा पत्त्यांना मुदत असते, सकाळी काढलेली लिंक संध्याकाळी बहुधा चालत नाही. तिसरं कारण खास बसवलेल्या व्हिडिओंचं आहे. काही व्हिडिओ, विशेषतः व्हिमिओ या व्हिडिओ साइटवरचे, ठरावीक वेबसाइटवरच दिसावेत असे बांधलेले असतात, आणि सर्व्हर ‘कुठल्या पेजवरून आलात’ असं विचारतो. तेव्हा दोन हायफन, ‘रेफरर’ (प्रोग्रामच्या स्पेलिंगमध्ये मधला आर एकच) आणि पुढे बातमीच्या पेजचा पत्ता द्यायचा.

आता मराठी नावांची गोष्ट, जी इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. फाइलचं नाव व्हिडिओच्या शीर्षकावरून घेतलं जातं आणि आपल्याकडची शीर्षकं लांबलचक असतात: पाहुण्यांचं नाव, पदव्या, स्थळ, तारीख, सगळं एकाच ओळीत. लिनक्सवर नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं. म्हणजे ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येक वेगळं चिन्ह धरलं जातं. कन्नड शीर्षकांचंही गणित हेच. ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून गाडी अडते ती इथे. विंडोजवर अडचण संपूर्ण पत्त्याच्या २६० अक्षरांची येते. फोल्डरात फोल्डर केले की ती लवकर गाठली जाते. उपाय एकच: हायफन, स्मॉल ओ देऊन नाव आपणच ठरवा. आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग वक्त्याचं आडनाव. तारीख पुढे ठेवली की फाइली आपोआप क्रमाने लागतात. काळ्या खिडकीत देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तरी फोल्डरमध्ये नाव बहुधा बरोबरच असतं.

बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या पुढची एक फाइल त्यावर बसत नाही. दिवसभराच्या संमेलनाचं रेकॉर्डिंग ही मर्यादा ओलांडतं आणि कॉपी अडते. डिस्कवर जागा शिल्लक असूनही असं का, हे लक्षात येत नाही. डिस्क एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, पण फॉरमॅट करण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे हलवा.

फाइल उतरली की लगेच व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा. तिची लांबी पेजवरच्या लांबीशी जुळते का बघा, मग सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटं चालवा. लाइव्हमध्ये मध्येच नेट तुटलेलं असलं तर त्यापुढे ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटू शकतो, आणि ते शेवटाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. बिघाड आढळला तर दुसरा दर्जा निवडून पुन्हा उतरवा. मूळ लाइव्हचे ३० दिवस अजून उरलेले असतानाच ही तपासणी व्हायला हवी.