तुम्ही तिच्या आई ना?

माझी आई पहाटे पाचला पोतं घेऊन घराबाहेर पडायची. पुण्यातला डेक्कन, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता हा तिचा रोजचा फेरा. कचराकुंडीतून पांढरा कागद, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, काच, पत्रा वेगळं काढायचं, डोक्यावरून भंगारच्या दुकानात न्यायचं, वजन करून पैसे घ्यायचे. शाळेला सुट्टी असली की मीही बरोबर जायचे. सकाळी फिरायला येणारी माणसं रोज तीच असायची. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचं कुत्रं म्हातारं झालंय, हे आईला सगळं ठाऊक. पण त्यांच्यातलं कोणीही आईला ओळखत नव्हतं. दोन पावलांवरून जाताना त्यांची नजर तिच्यावर टिकायचीच नाही. एखाद्या बंगल्यातून बादली नाहीतर नळाची तोटी गेली, की मात्र सगळ्यांना पहिली तीच आठवायची. एकदा अशाच संशयावरून तिला दुपारपर्यंत चौकीत बसवून ठेवलं होतं. घरी आल्यावर ती जेवली नाही. 'चोरी केली म्हनले त्याचं काय नाय गं,' ती म्हणाली, 'पर एकानं बी नाव इचारलं नाय.'

हे वाक्य तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. मी पाचवीत होते, आणि जिच्या स्मरणिकेसाठी हे लिहिते आहे त्या आपल्या शाळेत नुकतीच आले होते.

आमच्या वर्गात साठ-पासष्ट मुलं. हुशार पहिल्या बाकांवर, वात्रट शेवटच्या. दोघांचीही नावं सगळ्या शिक्षकांना पाठ, शिपाईमामांनासुद्धा. मधल्या बाकांवरच्या आम्हां मुलांचं तसं नव्हतं. काही चुकायचं नाही, काही चमकायचं नाही. हजेरी नंबरांनी व्हायची, मी अठ्ठेचाळीस. 'हजर' म्हटलं की त्या दिवसापुरतं आपलं बोलणं संपलं, असे कितीतरी दिवस गेले. शिक्षकांना मी दोष देत नाही. एवढ्या मुलांत कोण कोणाला बघणार! पण मधल्या बाकावरच्या मुलाला हळूहळू वाटायला लागतं, की आपण आलो काय नि न आलो काय, सारखंच.

मग सहावीत मराठीला आमच्या बाई आल्या. आमच्या आगेमागेच्या तुकड्यांना त्या कोण हे सांगावं लागणार नाही. बाई नंबर घेत नसत. पूर्ण नाव घ्यायच्या आणि मान वर करून चेहरा बघायच्या. 'काल नव्हतीस. ताप होता का गं?' तासातली पाच-सात मिनिटं त्यात जायची. परीक्षा जवळ आली की काही मुलं कुरकुरायची, पण बाईंनी ती रीत सोडली नाही.

निबंधाचा विषय होता 'रम्य पहाट'. सगळ्यांनी कोंबडा, सोनेरी किरणं आणि पाखरांची किलबिल लिहिली. मी पाहिलेली पहाट लिहिली. कोणत्या फाटकाशी सुतळीने बांधलेला गठ्ठा असतो आणि कोणत्या फाटकाशी चोळामोळा केलेले कागद, ओला कागद वजनाला चढतो पण दुकानदार तो घेत नाही, औषधाच्या बाटल्या वाढल्या की त्या घरात कोणीतरी आजारी आहे हे आई कसं ओळखते, असं सगळं. वही परत आली तेव्हा बाटल्यांच्या वाक्याखाली लाल शाईची रेघ होती आणि समासात लिहिलं होतं : 'हे तू स्वतः पाहिलं आहेस. आई आणखी काय काय ओळखते, तेही लिही.' गुण किती होते ते मी विसरले. समासातल्या त्या दोन ओळी मी बोट फिरवून फिरवून वाचल्या, इतक्या की शाई फिकी झाली.

त्यानंतरचा एक शनिवार. सकाळची शाळा. आई रद्दीचं विचारायला फाटकाशी आली होती आणि रखवालदार तिला हटकत होता. बाई जिन्यावरून उतरत होत्या. त्या थेट फाटकापाशी गेल्या आणि म्हणाल्या, 'तुम्ही तिच्या आई ना? आत या.' शिक्षकांच्या खोलीत नेऊन त्यांनी खुर्ची पुढे केली. आई बसेना. कपडे मळलेले, हात काळे. बाईंनी दोनदा 'बसा' म्हटलं. आई उभीच राहिली, तेव्हा बाईही बसल्या नाहीत. पंधरा-वीस मिनिटं दोघी उभ्यानेच माझ्याबद्दल बोलत होत्या आणि मी दाराशी थांबून ऐकत होते. बाईंनी आईला तिचं नाव विचारलं. शाळेच्या कागदांवर तेव्हा वडिलांचंच नाव असायचं. आईचं कुठेही नव्हतं. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. ही बातमी वाचली तेव्हा मला पहिली ती खोली आठवली.

बाईंनीच आम्हांला मुक्ता साळवेबद्दल सांगितलं. फुले पती-पत्नींच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली आमच्याच समाजातली ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. एका शाळकरी मुलीचं म्हणणं तिच्या नावासकट लोकांसमोर गेलं! धड्यात हे नव्हतं. बाई ते सांगत असताना माझ्याकडे बघत होत्या असं मला वाटलं. कदाचित सगळ्यांनाच तसं वाटलं असेल.

साधारण त्याच काळात आईला ओळखपत्र मिळालं. १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली होती. बाबा आढावांसारखी माणसं पाठीशी होती. पंचायतीच्या त्या कार्डावर पुणे महापालिकेची मान्यताही होती. आईने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजच्या आत ठेवलं. रात्री काढून बघायची. वाचता येत नव्हतं. 'ह्यो माजा फोटू, आन् हितं माजं नाव हाय ना गं?' असं मला पुन्हा पुन्हा विचारायची. पुढे २००८ साली कचरावेचकांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला आणि आई दारोदार कचरा गोळा करू लागली. आता ती थकली आहे, घरीच असते. पण शेवटच्या वर्षांत एक दिवस खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या आजी दारात उभ्या राहून विचारायच्या, 'काल कुठे होतात?' पगारवाढीचं सांगितलं नसेल इतक्या कौतुकाने हे तिने घरी सांगितलं.

मी परिचारिका झाले. वॉर्डात माणूस दाखल झाला की संध्याकाळपर्यंत त्याचा 'बेड नंबर चौदा' होतो. कामाच्या रगाड्यात ते सोयीचं पडतं, हे मला मान्य आहे. तरी मी केसपेपर बघून नाव घेते. 'काका' किंवा 'मावशी' म्हणायच्या आधी एकदा तरी पूर्ण नाव. भूल उतरत असताना आपलं नाव ऐकलेला माणूस कसा डोळे उघडतो, ते मी रोज बघते. नव्या मुलींना कामाला लावते तेव्हा सलाईन आणि इंजेक्शनाइतकंच आग्रहाने हेही शिकवते.

शाळेच्या या उत्सवात एक विनंती करते. स्मरणिकेत गुणवंतांची यादी आहे, ती असायलाच हवी. पण शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टरही आहे. शाळेत नाव घातलेलं प्रत्येक मूल त्यात आहे. दहावीला पोचलेलं, नापास झालेलं, सातवीतच कामाला लागलेलं. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आठवीनंतर आली नाही. तिचं नाव शाळेत दुसरीकडे कुठेही नसेल, त्या रजिस्टरात आहे. ही सगळी नावं वर्षवार उतरवून शाळेत लावू या, शिपाईमामांची आणि झाडणाऱ्या मावशींचीही. पानं जुनी आहेत, शाई उडाली असेल, वेळ लागेल. आमच्या तुकडीतल्या आम्ही तिघी-चौघी यायला तयार आहोत. शनिवारी शाळा सुटल्यावर कार्यालय उघडं ठेवता येईल का, तेवढं कळवा.

– एक माजी विद्यार्थिनी
(दहावी, १९९९)