ह्यात पाव्हणं कुठंयत?

मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या एका गटाबरोबर मी दुभाषी म्हणून अमेरिकेत मोंटानाला गेले होते. मसूर आणि हरभरा तिथे भरपूर पिकतो, त्यासाठीचा हा अभ्यासदौरा. हेलेना या राजधानीत दोन बैठकांमध्ये तासभर मोकळा मिळाला, म्हणून आम्हाला विधानभवन दाखवायला नेलं.

प्रतिनिधिगृहात अध्यक्षांच्या आसनामागे भिंतभर चित्र आहे, २५ फूट रुंद आणि १२ फूट उंच. चार्ल्स रसेल यांनी ते १९१२ साली पूर्ण केलं. एवढा कॅनव्हास मावावा म्हणून त्यांना आपल्या लाकडी स्टुडिओचं छप्पर उंच करून घ्यावं लागलं होतं. विषय ४ सप्टेंबर १८०५चा: रॉसेस होल नावाच्या डोंगरांमधल्या माळावर अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या शोधमोहिमेचे कप्तान लुईस आणि क्लार्क यांची तिथल्या मूळ रहिवासी सेलिश लोकांशी झालेली भेट.

गटातले सर्वांत वयस्कर काका बराच वेळ नुसते बघत उभे होते. मग म्हणाले, "ताई, ह्यात पाव्हणं कुठंयत?"

मी बोट दाखवलं तेव्हा कुठे त्यांना दिसले. उजवीकडे, मागे, लहानसा घोळका. चित्राचा मधला सगळा भाग सेलिश घोडेस्वारांचा. वळणारी, मुसंडी मारणारी घोडी अगदी अंगावर येतात, मागे डोंगर. मोहिमेचं चित्र म्हटलं की कप्तान मध्यभागी, अशीच माझीही अपेक्षा होती. रसेलनी मध्यभाग यजमानांना दिला, आणि माझ्या मते या चित्राचं मोठेपण त्यातच आहे.

क्लार्कच्या रोजनिशीत सेलिशांचे ३३ तंबू, सुमारे ४०० माणसं आणि किमान ५०० घोडे अशी नोंद आहे. त्यांनी पाहुण्यांच्या खांद्यांवर पांढरी कातडी पांघरली. हे सांगितलं तसे काका म्हणाले, "आपल्यात घोंगडं टाकत्यात, तसंच की!"

मग मी माझ्या धंद्याची गोष्ट सांगितली. कप्तानांची इंग्रजी फ्रेंचमध्ये जायची, फ्रेंचमधून हिदात्सा या आदिवासी भाषेत, मोहिमेबरोबरची शोशोनी जमातीची सकागाविया ते हिदात्सातून शोशोनीत आणायची, आणि छावणीतला शोशोनी जाणणारा एक मुलगा ते सेलिशमध्ये सांगायचा. उत्तर त्याच वाटेनं उलटं. दुसऱ्या दिवशी क्लार्कनं ११ घोडे विकत घेतले आणि ७ बदलून घेतले, तो सौदा याच साखळीतून झाला. वीस वर्षं हे काम करतेय. एका भाषेतून दुसरीत जातानाच किती निसटतं ते मला ठाऊक आहे.

"आन् ही लोकं आता कुठंयत?" काकांनी विचारलं.

१८९१ साली सेलिशांचा सरदार शार्लो आणि त्याच्या लोकांना आपलं बिटररूट खोरं सोडावं लागलं, उत्तरेकडच्या राखीव प्रदेशात जावं लागलं. मी सांगितलं. काकांनी टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा त्या घोड्यांकडे बघत राहिले. बाहेर बस हॉर्न देत होती.