आमच्याकडे काही नाही

रविवार, रात्री उशिरा. जळगाव.

"आमच्याकडे तसं बघण्यासारखं काही नाही, तुम्ही आपले अजिंठ्याला जाऊन या." मागच्या शनिवारी रात्री जेवताना मी हे वाक्य बोललो आणि गेले आठ दिवस ते माझ्या मनातून जात नाही. आज आईला घेऊन चांगदेवला जाऊन आलो, तरी ते गेलेले नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

पुण्याची मंडळी दोन दिवसांसाठी आली होती. भाचेसुनेने मोठ्या हौसेने विचारले, "मामा, उद्या रविवार आहे, जवळपास कुठे जाता येईल?" उत्तर द्यायला मला क्षणही लागला नाही, आणि नेमके तेच आता खुपते आहे. चार ठिकाणे आठवून, तिथली सोय-गैरसोय मनात जोखून मी तसे म्हणालो असतो, तर एक वेळ समजण्यासारखे होते. पण ते वाक्य माझ्या जिभेवर जणू वर्षानुवर्षे तयारच होते. समोर आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पुढची शेंग हातात घेतली. बोलली काहीच नाही.

मंडळी रविवारी अजिंठ्याला गेली, संध्याकाळी भारावून परतली आणि सोमवारी सकाळच्या गाडीने पुण्याला रवाना झाली. निघताना भाचेसून पाया पडली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही सांगितलंत म्हणून बघणं झालं." खरे तर यात मला वाईट वाटण्यासारखे काहीच नव्हते. अजिंठा पाहून माणसाने भारावून जाऊ नये तर काय करावे?

मंगळवारी कचेरीतून आल्यावर मी कागद घेऊन बसलो आणि तिला काय काय सांगता आले असते, ते लिहू लागलो. पहिले नाव पद्मालयाचे लिहिले. एरंडोलजवळच्या त्या टेकडीवर एकाच गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा आणि एक डाव्या सोंडेचा, आणि देवळासमोर कमळांचे तळे आहे. लहानपणी वडील आम्हाला तिथे घेऊन जात, तेव्हा दोन गणपतींपैकी आधी कुणाला नमस्कार करायचा, यावरून आम्हा भावंडांत भांडण होई. मग पाटणादेवी लिहिले. चाळीसगावच्या पुढे, गौताळ्याच्या जंगलाच्या पायथ्याशी ते देऊळ आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला आणि तेराव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, अशी नोंद पाटण्याच्या शिलालेखात आहे. नातवाचे नाव चांगदेव. आज आम्ही ज्यांच्या देवळात गेलो, ते चांगदेव निराळे. गणिताच्या अभ्यासासाठी मठ असलेले ते रान आपल्या जिल्ह्यात आहे, हे भाचेसुनेला सांगायला हवे होते. तिने गणितातच पदवी घेतली आहे. ते मला ठाऊक होते.

पुढे मनुदेवी, पाल, उनपदेव, तोरणमाळ अशी नावे लिहीत गेलो. आणि प्रत्येक नावापुढे मी ते का सुचवले नाही, याचेही कारण हाताने आपोआप लिहिले जाऊ लागले. मनुदेवीचा धबधबा पावसाळ्यातला, आता त्याचे काय? उनपदेवचे गरम पाणी चांगले, पण बायकांची नीट सोय असेल की नाही? तोरणमाळचा यशवंत तलाव पाहिला की माणूस गप्प होतो, पण एका दिवसात सातपुडा चढून परत येणार कसे? सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार दत्तजयंतीला भरतो, म्हणजे याच दिवसांत. पण त्या गर्दीत लहान मुलाला घेऊन कुठे फिरणार? कारणे सगळी खरी होती. तरीही कागद भरल्यावर लक्षात आले की पाहुण्यांसमोर आपले घर उघडे करताना आधी कोपऱ्यातले जळमट दिसावे, तसे मला माझे खान्देश दिसते.

बुधवारी, गुरुवारी मला स्वतःचीच कीव येत राहिली. सगळ्या जगाला जळगाव ठाऊक आहे ते अजिंठ्यासाठी उतरायचे स्टेशन म्हणून. माणसे इथे उतरतात, गाडी ठरवतात, फर्दापूरची वाट धरतात आणि संध्याकाळी पुन्हा फलाटावर येतात. या उतरण्या-चढण्यातच आपलेही आयुष्य गेले, असे काहीसे वाटत होते. धाकट्याने पुण्यालाच घर घेतले, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

शुक्रवारी सकाळी नळाला पाणी आले तेव्हा हांडा भरताना एक साधी गोष्ट आठवली. हे पाणी वाघूरचे आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून, लेण्यांच्या त्या घोड्याच्या नालासारख्या दरीतून वाहत ही नदी खाली आमच्याकडे येते, धरणात साठते आणि आमच्या नळाला लागते. भाचेसून शनिवारी रात्री जे पाणी प्यायली, त्याच नदीच्या काठी ती रविवारी उभी राहिली होती. अजिंठा दुसऱ्या जिल्ह्यात आहे, हे नकाशाप्रमाणे बरोबरच आहे. पण अजिंठ्याचे नाव घेताना आपण आपल्याला टाकून दुसऱ्याचे काही पुढे केले, असे मी चार दिवस मनाशी घोकत होतो, ते तितकेसे खरे नव्हते. मन थोडे हलके झाले. चुकले होते ते "काही नाही" एवढेच.

काल रात्री आई म्हणाली, "चांगदेवला नेशील का? पुष्कळ दिवस झाले." सकाळी निघताना कोपऱ्यावरच्या भरीत सेंटरवरून भरीत घेतले. चंपाषष्ठी झाली की त्या दुकानापुढे रांग हटत नाही. फिकट हिरवी, हाताच्या पंजापेक्षा मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात आणि गरम असतानाच बोटे चटके सोसत साल काढतात. मग लाकडी भांड्यात मुसळीने ती ठेचली जातात आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात व शेंगदाणे त्यात जातात. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो दुकानदार मात्र गिऱ्हाइकाला एवढेच सांगतो की काड्यांचा धूर लागला नाही तर ते भरीत नव्हे. कळण्याच्या भाकरी आईने पहाटेच थापून ठेवल्या होत्या.

भुसावळ मागे पडले तशी रस्त्यावर केळीने भरलेल्या ट्रकांची ये-जा दिसू लागली. दहाच्या सुमारास आम्ही संगमावर पोहोचलो. तापी आणि पूर्णा इथे एकत्र येतात, पण खाली हतनूरचे धरण असल्यामुळे या दिवसांत पाणी इतके तुंबलेले आणि शांत असते की कोणती नदी कुठून आली, हे सांगता येत नाही. दूर पाण्यावर पक्ष्यांचा काळसर पट्टा होता; तो मधूनच उठे आणि पुन्हा बसे.

देवळातल्या काळ्या दगडाच्या गारव्यात आई बराच वेळ बसली. मला लहानपणी तिनेच सांगितलेली कोऱ्या कागदाची गोष्ट आठवली. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे होते. पण मायना चिरंजीव लिहावा की तीर्थरूप, हे उमगेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, आणि तीच मुक्ताई पुढे चांगदेवांची गुरू झाली. तिचे स्थान इथून जवळच आहे. आषाढीच्या वारीसाठी तिची पालखी निघते, तेव्हा पंढरपूर गाठायला तिला महिन्याहून अधिक काळ चालावे लागते.

घाटावर आल्यावर आईने चपला काढल्या, दोन पायऱ्या उतरून पाण्यात बोटे बुडवली आणि डोळ्यांना लावली. मग तिने पलीकडे हात केला. मला तिथे पाण्याशिवाय काही दिसत नव्हते.

"त्या तिथे आमची आमराई," ती म्हणाली. "तिच्या अंगाला विहीर. तुझ्या आजोबांनी बांधलेली. पंधरा पायऱ्या होत्या."

मी पायऱ्यांचा आकडा पहिल्यांदाच ऐकला. माहेर पाण्यात गेले, एवढे मला ठाऊक होते. त्यापलीकडे मी कधी विचारले नव्हते आणि आजही विचारता आले नाही. नुसता तिच्या शेजारी बसलो. तिच्या ओल्या बोटांवरचे पाणी वाळेपर्यंत ती त्याच दिशेला पाहत होती.

भाकरीवर भरीत वाढताना मी अखेर विचारलेच, "आई, त्या रात्री तुला माझा राग आला का?"

"कसला राग?" ती म्हणाली. "आपल्याकडे काही नाही, असं तू सांगू राहिला होता. मला वाटलं, एकदा जाऊन यावं."

एवढेच. आठ दिवस मी ज्या नजरेचा अर्थ लावत बसलो होतो, त्या नजरेत राग नव्हता. मात्र त्यामुळे माझे वाक्य धुतले गेले, असेही नाही. पुढच्या वेळी कुणी विचारले तर माझ्या तोंडी पहिले नाव बहुधा अजिंठ्याचेच येईल. ते येऊ द्यावे, असे आता वाटते. त्याच्यानंतर मात्र थांबायचे नाही.

घाटावर उभे राहून मी पाण्याचा एक फोटो काढला होता. परतल्यावर तो भाचेसुनेला पाठवला. लगेच तिचे उत्तर आले, "मामा, हे कुठलं? सुंदर आहे. पण यात नेमकं काय बघायचं?" मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग लिहिले, "चांगदेव. तापी-पूर्णेचा संगम. पुढच्या वेळी दोन दिवस जास्त काढून या, आईला बरोबर घेऊन जाऊ. ती दाखवेल."

पाठवण्याआधी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "दोन नको, तीन लिही. मनुदेवीला गेल्याशिवाय पोरीला पाठवायचं नाही."

तीन लिहिले.