विजापूर: गोल घुमट नंतर, आधी अक्षरं

विजापूरला जायचं, गोल घुमटात हाका मारून परतायचं. माझ्या पहिल्या दोन खेपा अशाच वाया गेल्या. तिसऱ्यांदा मात्र सोलापूरहून सकाळच्या गाडीने उतरलो आणि घुमटाकडे पाठ करून थेट शहराच्या पश्चिमेला, तटाबाहेरच्या इब्राहिम रोजाला गेलो.

रोजा म्हणजे मकबरा; विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा इथे दफन आहे. सरस्वतीचं स्तवन करून दखनीत गाणी रचणारा, लोक ज्याला जगद्गुरू म्हणत, तो. १६२७ साली गेला. एकाच उंच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये हौद. कारागिरांचा मुख्य मलिक संदल.

बाहेरून मिनार बघत बसू नका, कमानींच्या ओवरीत शिरा. आतल्या भिंतीवर वेल, फुलं, चौकटी आणि त्यांत गुंतलेली अरबी अक्षरं. पण जीव अडकतो तो खिडक्यांच्या वरच्या कमानींत. तिथे जाळी म्हणून चक्क ओळी बसवल्यात. अलिफ-लाम या अरबी अक्षरांच्या उभ्या दांड्या गजांसारख्या, खालची वळणं एकमेकांत अडकलेली, आणि दोन अक्षरांमधला दगड आरपार कोरून काढलेला. एक दांडी जरा जास्त कोरली गेली असती तर शब्दच गळून पडला असता! आत गाभाऱ्यात उजेड येतो तो या अक्षरांच्या फटींतून, म्हणून आत अंधारच. लोक डोकावतात, 'काही नाहीये' म्हणतात आणि निघतात. पाच मिनिटं गप्प उभे राहा, डोळे सरावले की जाळ्या उजळतात. मग वर बघा, छत सपाट आहे. दगडाचं, मधे एकही खांब नाही.

मला अरबी वाचता येत नाही. अडलं नाही काही.

कोरीव काम फार खोल नाही, त्यामुळे तिरपं ऊन हवं. सकाळी लवकर जा. चपला काढाव्या लागतात आणि दुपारी चौथरा तव्यासारखा तापतो. मी मोजे न्यायचे विसरलो होतो, परतताना अक्षरशः उड्या मारत आलो. छोटी दुर्बीण असेल तर घ्या, वरच्या ओळी मान मोडून बघाव्या लागतात.

तिथून जामा मशिदीत. मेहराबावर, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यावर, १६३६ चं सोनेरी रंगकाम आहे, कोनाड्यांत रंगवलेली पुस्तकं आणि फुलदाण्याही. शुक्रवार टाळा: मशिदीत नमाजाची गर्दी, आणि गोल घुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालयही बंद. तिथले शिलालेख आणि हस्तलिखितं चुकवण्यासारखी नाहीत.

घुमट शेवटी. स्टेशनजवळच आहे, गाडीची वेळ साधते. शाळेच्या सहली असतील तर वरच्या सज्जात कानात बोळे घाला.