तुम्ही विचारलंत म्हणून : सगळ्या पक्षांना चालेल असं हवामान धोरण असतं का?

असतं. आपल्याकडे महाराष्ट्रात एक चालूही आहे, फक्त त्याच्या नावात हवामान नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, म्हणजे शेतीपंपांना दिवसा सौर वीज. 2017 मध्ये आली, मधे सरकारं बदलली, तरी मोडीत निघाली नाही. 2023 मध्ये दुसरा टप्पा जाहीर झाला.

ऑस्ट्रेलियात उलट झालं. तिथल्या लेबर सरकारने जुलै 2012 पासून कार्बनवर टनामागे 23 डॉलर आकारणी लावली. विरोधकांनी घरोघरच्या वीजबिलावर बोट ठेवून निवडणूक जिंकली आणि जुलै 2014 मध्ये आकारणी रद्द केली. खर्च बिलात दिसत होता, फायदा डोळ्यांना दिसत नव्हता.

सौर फीडरचा (फीडर म्हणजे सबस्टेशनातून निघणारी वीजवाहिनी) फायदा मात्र गावात कुणालाही कळतो: रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावं लागत नाही. साप आणि बिबट्या हा कुठल्याही पक्षाचा मतदार असू शकत नाही, त्यामुळे विरोध करणार कोण? शिवाय या प्रकल्पांची वीज महावितरणला युनिटला 3 रुपयांच्या आसपास पडते. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत आहे आणि ते पैसे सरकारला भरायचे आहेत. म्हणजे स्वस्त विजेची गरज तिजोरीलाच आहे.

मांडणी साधी आहे. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा करायचा. 33 केव्हीची (किलोव्होल्टची) वीज 11 केव्हीवर उतरवणाऱ्या सबस्टेशनपासून काही किलोमीटरच्या आत, मेगावॉटला चार-पाच एकर धरून पॅनल लावायचे आणि वीज तिथेच 11 केव्हीला जोडायची. पाच एचपीचे अडीचशे पंप एकदम चालले की साधारण एक मेगावॉट लागतो.

गोची या 'एकदम'मध्ये आहे. पूर्वी निम्मे फीडर दिवसा, निम्मे रात्री चालायचे. आता सगळ्यांना दिवसाच वीज हवी. त्यात प्रत्येक स्टार्टरला ऑटोस्विच, म्हणजे वीज आली की पंप आपोआप सुरू करणारं बटण, त्यामुळे वीज आली की सगळे पंप एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज पडतं आणि डीपी, म्हणजे शिवारातला छोटा ट्रान्सफॉर्मर, जळतो. पाच एचपीला 2 केव्हीएआरचा (हे त्याचं माप) कपॅसिटर, म्हणजे मोटर ओढते तो जादा करंट कमी करणारा डबा, लावला तर डीपीवरचा भार बराच हलका होतो. तो काही शे रुपयांत मिळतो, पण ज्याने लावला त्याच्या एकट्याच्या पंपाला फरक जाणवत नाही, म्हणून कुणी लावत नाही. आणि पावसाळ्यात पंप बंद असले की तीच वीज उलटी 33 केव्हीकडे जाते. सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर त्या मापाचा नसेल तर चालता प्रकल्प बंद ठेवावा लागतो. उद्घाटनाच्या फलकावर मेगावॉट असतात, ट्रान्सफॉर्मर नसतो.

आमच्या मते खरी अवघड जागा पाण्याची आहे. दिवसा, मोफत आणि विनामीटर वीज मिळाली की विहीर आटेपर्यंत पंप चालणारच. पंजाबने 2018 मध्ये यावर एक तोड काढली: ठरलेल्या कोट्यातून जेवढे युनिट वाचतील, त्याचे शेतकऱ्याला युनिटला 4 रुपये. मोफत वीज तशीच राहते, त्यामुळे कुठल्याही पक्षाला घोषणा गिळावी लागत नाही. पण त्यासाठी आधी मीटर हवा. मीटर बसला की उद्या बिल येणार, असं शेतकरी धरून चालतो. महाराष्ट्रात 2004 मध्ये निवडणुकीआधी मोफत केलेली वीज 2005 मध्ये काढून घेतली गेली होती, हे तो विसरलेला नाही.